तंजावरचा कोरा कागद व पाद्री श्वार्ट्झ

(१)

तंजावरच्या मराठी राज्याविषयीं आमच्याकडे आजवर जें लेखन झालें, त्यांत भोसले घराण्याची वंशावळ, राजांचा वाङ्मयाश्रय, सरस्वती महालांतील पोथ्या आणि बृहदीश्वराच्या देवालयाच्या भिंतीवर सरफोजीराजांनीं इ. स. १८०३ मध्यें कोरविलेला प्रचंड मराठी शिलालेख ह्या विषयांस योग्य तें स्थान मिळालें आहे. परंतु त्या राज्यांतील साधा माणूस, म्हणजे कावेरीकांठचा कुळवाडी, किनाऱ्यावरील कोळी, रामेश्वराच्या वाटेवरचा यात्रेकरू, हा आपल्या जीविताची तजवीज कशी करीत असे, आणि दुष्काळ, वादळ अथवा परचक्र आलें असतां त्यास आधार कोणाचा असे, ह्या प्रश्नाकडे त्या मानानें लक्ष कमी गेलें आहे. प्रस्तुत लेखांत ह्या प्रश्नाचा एक लहानसा भाग विचारार्थ घेतला आहे.

ह्या भागाचा मुख्य पुरावा मराठी नाहीं. तो तंजावरांत राहिलेला जर्मन प्रॉटेस्टंट पाद्री क्रिस्टियन फ्रीड्रिख श्वार्ट्झ ह्याच्या पत्रव्यवहारांत आहे. इ. स. १७८१ च्या सुमारास, हैदरअल्लीच्या फौजांनीं तंजावर प्रांताचा बहुतेक भाग उध्वस्त केला असतां व खुद्द तंजावरच्या किल्ल्यांत लोक अन्नावांचून मरत असतां, तुळजाजीराजांनीं ह्या पाद्र्याकडे एक कोरा कागद पाठविला, आणि रयतेशीं धान्य व बैल ह्यांविषयीं जो करार करणें असेल तो आपल्या नांवानें करावा असा त्यास अधिकार दिला. राजाजवळ मुलूख होता, इंग्रजांजवळ शिबंदी होती, बाहेर गांवांत धान्यही होतें. परंतु तें किल्ल्यांत आणण्याजोगी पत दोघांजवळही उरली नव्हती. ती एका परदेशी, परधर्मी व निःशस्त्र माणसाजवळ होती. हें कसें घडलें, हाच ह्या लेखाचा विषय होय. आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे कीं, संकटकाळची तजवीज ही जशी कोठारांत सांठवावी लागते, तशीच ती लोकांच्या मनांतही अगोदरच सांठवावी लागते. आणि तंजावरच्या इतिहासांतील हा प्रसंग त्याचें उत्तम उदाहरण आहे.

(२)

प्रथम त्या किनाऱ्याची ओळख करून घेतली पाहिजे. कारण कोंकणच्या समुद्राशीं परिचित असलेल्या आमच्या वाचकांस चोळमंडल किनारा निराळा वाटेल. कोंकणांत खाड्या आहेत, डोंगराच्या आडोशाचीं बंदरें आहेत. चोळमंडलास हें सुख नाहीं. तेथें वाळूचा सपाट कांठ, त्यापुढें एकामागून एक फुटणाऱ्या लाटांचे पट्टे, आणि त्यांपलीकडे उघड्या समुद्रांत नांगरून राहिलेलीं जहाजें, असा देखावा असे. जहाजावरील माणूस व माल कांठास आणण्यास मसुला नांवाच्या होड्या लागत. ह्या होडीच्या फळ्या खिळ्यांनीं न ठोकतां काथ्यानें शिवलेल्या असत, त्यामुळें लाटेचा तडाखा बसला तरी ती फुटण्याऐवजीं लवत असे. त्याहून साधें साधन म्हणजे कट्टुमरम्, अर्थात् एकत्र बांधलेले ओंडके. समुद्र खवळून मसुला चालेनाशी झाली म्हणजे कट्टुमरमवरील कोळी पत्रें आपल्या डोईवरच्या टोपींत कोरडीं ठेवून जहाजापर्यंत पोहोंचवीत. किनाऱ्यावरील माणसाची नित्याची सावधगिरी अशी काथ्याच्या टांक्यांत व डोईवरच्या टोपींत सामावलेली होती.

ऋतूंचा क्रमही निराळा. कोंकणांत समुद्र बंद होतो तो ज्येष्ठ-आषाढांत. चोळमंडलास खरें भय अश्विन-कार्तिकांत, ईशान्येकडील वाऱ्याचें. म्हणून ऑक्टोबरच्या मध्याच्या सुमारास मोठीं जहाजें मद्रासचा किनारा सोडून जात, आणि इंग्रजांचें आरमारही त्या दिवसांत आसऱ्यासाठीं मुंबईस येई. ज्यांस हा नियम पाळतां आला नाहीं त्यांची गत काय होई, हें इ. स. १७८२ च्या ऑक्टोबरांतील वादळानें दाखविलें. त्या वादळांत मद्रासपुढें उभीं असलेलीं, तांदुळांनीं भरलेलीं अनेक देशी गलबतें नाश पावलीं, आणि अगोदरच उपाशी असलेल्या शहरावर दुष्काळाचा घाला पडला. समुद्रानें येणाऱ्या धान्यावर विसंबणें हें ह्या किनाऱ्यावर किती धोक्याचें होतें, हें पुढील हकीकत वाचतांना ध्यानांत ठेवावें.

समुद्र नुसतीं गलबतेंच गिळतो असें नाहीं. तरंगमबाडी येथें इ. स. १३०६ मध्यें पांड्य राजाच्या काळीं बांधलेलें मासिलामणिनाथाचें देवालय आहे. त्याचा मोठा भाग किनारा झिजत गेल्यानें समुद्रांत गेला. त्याच गांवांत प्रॉटेस्टंट पाद्र्यांनीं इ. स. १७०७ मध्यें बांधलेलें पहिलें देऊळही समुद्रानेंच निकामी केलें, व इ. स. १७१८ मध्यें त्यांस दुसरें बांधावें लागलें. इ. स. २००४ च्या डिसेंबरांत त्सुनामीची लाट आली तेव्हांही तरंगमबाडीस तिचा जबर तडाखा बसला. देव कोणताही असो, ह्या कांठावर त्याच्या घरासही सावध राहावें लागतें.

(३)

तरंगमबाडी हें गांव इ. स. १६२० मध्यें तंजावरच्या रघुनाथ नायकानें डेन्मार्कच्या लोकांस व्यापारासाठीं दिलें. त्या प्रसंगीं नायकानें डेन्मार्कच्या राजास सुवर्णपत्रावर लिहून पाठविलेलें पत्र कोपनहेगनच्या राजकीय दप्तरांत जतन झालेलें आहे. पुढें इ. स. १६७५ च्या सुमारास एकोजीराजांनीं तंजावर घेतलें, आणि डॅनिश वखारीचा शेजार मराठ्यांशीं आला. हा शेजार नेहमींच सलोख्याचा नव्हता. इ. स. १६९९ मध्यें शहाजीराजांच्या फौजेनें तरंगमबाडीस वेढा दिला, तो मद्रासच्या इंग्रजांची मदत आल्यावर उठला.

ह्या वेढ्यानंतर सातच वर्षांनीं, ता. ९ जुलै १७०६ रोजीं, बार्थोलोमेउस झीगेनबाल्ग व हाइनरिख प्लुत्शाऊ हे दोन जर्मन पाद्री डेन्मार्कच्या राजाच्या आज्ञेनें तेथें उतरले. हिंदुस्थानांतील प्रॉटेस्टंट मिशनचा आरंभ येथून होतो. त्यांचा पाठीराखा म्हणजे जर्मनींतील हाल्ले येथील आउगुस्ट हेर्मान फ्रांके. फ्रांकेच्या पंथाचें एक वैशिष्ट्य येथें सांगणें अवश्य आहे. ईश्वर आपली चिंता वाहतो ही त्यांची दृढ श्रद्धा. परंतु ह्या श्रद्धेचा अर्थ हातपाय न हलवितां बसणें असा त्यांनीं कधींच केला नाहीं. हाल्लेच्या अनाथालयास जोडून त्यांनीं छापखाना व औषधशाळा चालविली, औषधांच्या विक्रीवर मुलांचें पोषण केलें, आणि प्रत्येक पैशाचा हिशेब छापून देणगीदारांपुढें ठेवला. तरंगमबाडीहून आलेलीं पत्रें व रोजनिशा इ. स. १७१० पासून हाल्ले येथें छापून निघूं लागल्या, त्याही ह्याच रीतीस अनुसरून.

किनाऱ्यानें ह्या शिस्तीची परीक्षा लवकरच घेतली. मिशनसाठीं आलेल्या द्रव्याची एक पेटी, पहिल्या कांहीं वर्षांतच, जहाजावरून उतरवितांना लाटांत बुडाली. तरंगमबाडीच्या डॅनिश अधिकाऱ्याचा रोष होऊन झीगेनबाल्गास इ. स. १७०८-०९ मध्यें सुमारें चार महिने कैदेंत राहावें लागलें. लंडनहून त्यांच्यासाठीं छापखाना निघाला, तो घेऊन येणारें जहाज रिओ-द-जानेरो येथें फ्रेंचांच्या हातीं सांपडलें. खंड भरून सामान सुटलें, परंतु त्याबरोबरचा मुद्रक वाटेंतच मरण पावला. तरीही इ. स. १७१२ मध्यें यंत्र तरंगमबाडीस पोहोंचलें, तमिळ खिळे पुढच्या वर्षीं हाल्लेहून आले, व ते फार मोठे पडतात असें दिसतांच लहान खिळे जाग्यावरच ओतण्यांत आले. त्यासाठीं चीजच्या डब्यांचें शिसें वितळविलें असें नमूद आहे. इ. स. १७१५ मध्यें तमिळ नवा करार छापून पुरा झाला, आणि कागदाची टंचाई भासूं लागली तेव्हां जवळच पोरैयार येथें कागदाची गिरणी घालण्यांत आली. एक वस्तु परदेशाहून आली नाहीं तर ती येथें कशी करतां येईल, हा विचार ह्या मंडळींच्या अंगवळणीं पडला होता.

औषधांच्या बाबतींतही तसेंच. हाल्लेहून औषधांच्या पेट्या येत, इ. स. १७३० नंतर वैद्यही येऊं लागले. इ. स. १७३२ मध्यें आलेला सामुएल बेंजामिन क्नोल हा दीर्घकाळ राहिला, इ. स. १७६८ मध्यें आलेला योहान गेऱ्हार्ड कोएनिग हा लिनेअसचा शिष्य, व वनस्पतिशास्त्रांत पुढें त्याचें मोठें नांव झालें. हस्तलिखितांच्या संग्राहकांस ह्याहून जिव्हाळ्याची गोष्ट अशी कीं, झीगेनबाल्गानें आल्यापासून दोनच वर्षांत ताडपत्रांवरील तमिळ ग्रंथांचा संग्रह करून इ. स. १७०८ मध्यें ११९ ग्रंथांची सटीप यादी तयार केली. दमट हवा व वाळवी ह्यांमुळें जेथें ग्रंथ पिढीमागून पिढी नव्यानें उतरून घ्यावे लागतात, तेथें अशी यादी म्हणजे एक प्रकारचें संरक्षणच होय.

ह्या सर्व परंपरेंत वाढलेला श्वार्ट्झ इ. स. १७५० मध्यें तरंगमबाडीस आला. त्याचा जन्म इ. स. १७२६ चा, तमिळ भाषेचे पहिले धडे त्यानें हाल्ले येथेंच घेतले होते. बारा वर्षें तरंगमबाडींत काढून तो त्रिचनापल्लीस गेला, व इ. स. १७७८ पासून तंजावर हेंच त्याचें मुख्य ठिकाण झालें.

(४)

तुळजाजीराजांची व श्वार्ट्झची पहिली भेट इ. स. १७६९ मध्यें झाली. तमिळ, फारसी, हिंदुस्थानी, पोर्तुगीज व इंग्रजी ह्या भाषा तर तो जाणत होताच. तंजावर दरबारासाठीं त्यानें मराठीही आत्मसात् केली. राजे ख्रिस्ती झाले नाहींत. पण त्यांनीं ह्या पाद्र्याचा संपर्क कधीं तोडलाही नाहीं. इ. स. १७७३ मध्यें अर्काटच्या नबाबानें इंग्रजांच्या मदतीनें तंजावर घेऊन राजांस कैदेंत टाकलें, व इ. स. १७७६ मध्यें मद्रासचा गव्हर्नर पिगट ह्यानें त्यांस पुन्हां गादीवर बसविलें. ह्या तीन वर्षांत प्रांताची जी लूट झाली तींतून तो सांवरतो न सांवरतो तोंच हैदराचें संकट उभें राहिलें.

इ. स. १७७९ मध्यें मद्रासच्या गव्हर्नरानें श्वार्ट्झला श्रीरंगपट्टणास हैदरअल्लीचा मनोदय जाणून घेण्यासाठीं पाठविलें. इंग्रजांच्या वकिलांवर हैदराचा विश्वास नव्हता. ह्या पाद्र्यावर मात्र होता. हैदरानें त्याचें ऐकून घेतलें, व जातांना वाटखर्चासाठीं तीनशें रुपयांची थैली दिली. श्वार्ट्झनें ती मद्रासच्या सरकारापुढें ठेवली. सरकारानें ती परत घेण्याचा आग्रह केल्यावर ती रक्कम तंजावरांतील अनाथ मुलांच्या शाळेकडे लावली. स्वतःच्या हातीं एकही पैसा राहूं दिला नाहीं. तह झाला नाहीं. पण ह्या प्रवासाचे दोन परिणाम झाले. एक, युद्ध सुरू झाल्यावरही ह्या पाद्र्यास अडवूं नये असा हैदराचा आपल्या फौजेस हुकूम राहिला. दुसरा, युद्ध टळत नाहीं हें श्वार्ट्झनें स्वतः पाहिलें. त्यानंतर भाव उतरलेला असतांनाच त्यानें भाताचा मोठा सांठा खरेदी करून ठेवला. श्रीरंगपट्टणच्या अनुभवाशीं ह्या खरेदीचा संबंध असावा असें आम्हांस वाटतें.

(५)

इ. स. १७८० च्या जुलैंत हैदर कर्नाटकांत उतरला, व पुढच्या वर्षीं त्याच्या फौजा तंजावर प्रांतांत पसरल्या. कालवे फोडले गेले, गुरें हांकलून नेलीं, माणसें पळालीं किंवा धरून नेलीं. समुद्रावर इंग्रज व फ्रेंच आरमारांच्या लढाया चालू, इ. स. १७८१ च्या नोव्हेंबरांत इंग्रजांनीं डच लोकांपासून नागपट्टण घेतलें, व इ. स. १७८२ च्या जुलैंत त्याच नागपट्टणापुढें ह्यूजेस व सुफ्रें ह्यांची झुंज झाली. जमिनीवरची व समुद्रावरची अशा दोन्ही वाटा एकाच वेळीं अडल्या.

अशा वेळीं तंजावरच्या किल्ल्यांत शिबंदीचे शिपाई उपाशी मरूं लागले. सकाळीं रस्त्यांत प्रेतें पडलेलीं आढळत. बाहेरच्या गांवांत धान्य अद्यापि होतें, परंतु तें आणण्यास बैल मिळत नव्हते. बैल कां मिळत नव्हते ह्याचें कारण श्वार्ट्झनें स्पष्ट लिहून ठेविलें आहे, आणि आमच्या मतें ह्या सर्व प्रकरणाचा मथितार्थ त्यांतच आहे. पूर्वी जेव्हां जेव्हां बैल मागविले गेले तेव्हां तेव्हां दुभाषांनीं गरीब लोकांचें भाडें मध्येंच गिळलें. एकदां फसलेला कुळवाडी पुन्हां बैल घेऊन तोफांच्या माऱ्यांतून किल्ल्याकडे कां यावा? अखेर तुळजाजीराजांनींच बोलून दाखविलें कीं, आपली व इंग्रजांची दोघांचीही पत गेलेली आहे. रयत ह्या पाद्र्यावर विश्वास ठेविते कीं काय हें पाहावें. आणि तो कोरा कागद रवाना झाला.

श्वार्ट्झनें आसपासच्या लोकांस पत्रें लिहिलीं. बैलाचें भाडें तर मिळेलच, परंतु कामांत जो बैल मरेल त्याची किंमत आपण स्वतःच्या हातानें चुकती करूं, असें त्यानें वचन दिलें. एक-दोन दिवसांत एक हजार बैल जमले. त्यानें आपला एक उपदेशक व दुसरे कांहीं ख्रिस्ती लोक गांवोगांव पाठविले. जीव धोक्यांत घालून त्यांनीं थोडक्याच काळांत ८०,००० कलम धान्य किल्ल्यांत आणलें. कलम हें तमिळ प्रदेशांतील धान्याचें मोठें माप होय. किल्ला वांचला. त्यानंतर त्यानें सर्वांचे पैसे चुकते केले, त्यासाठीं दुसऱ्यांचे पैसेही उसने घ्यावे लागले. वर थोडीशी बक्षिसी देऊन लोकांस घरीं लाविलें.

येथें एक गोष्ट विसरूं नये. पत्रें श्वार्ट्झनें लिहिलीं, परंतु शत्रूच्या घोडेस्वारांमधून बैलांचे तांडे हांकणारीं माणसें तमिळ होतीं, आणि त्यांचीं नांवें त्या पत्रांत आलेलीं नाहींत. बैलांच्या मालकांचीं नांवें तर येणें शक्यच नव्हतें. पाद्र्याची पत ही त्याच्या एकट्याच्या गुणांची कमाई नव्हती; इ. स. १७३३ मध्यें दीक्षा मिळालेला पहिला देशी पाद्री आरोन, त्याच पिढींतील उपदेशक राजनायक, आणि त्यांच्यामागून आलेले अनेक देशी उपदेशक ह्यांनीं गांवोगांव पायीं हिंडून ती पन्नास वर्षें सांठविली होती.

इ. स. १७८२ च्या आरंभीं कर्नल ब्रेथवेटची फौज टिपूच्या हातीं सांपडली, तेव्हां तंजावरावर पुन्हां तोच प्रसंग आला, व पुन्हां श्वार्ट्झलाच मध्यें घालावें लागलें. ह्या वेळीं त्याचें काम सोपें झालें होतें. पहिल्या खेपेचे पैसे मिळाले हें लोकांच्या ध्यानीं होतें. युद्धकाळीं त्यानें अगोदर घेऊन ठेविलेल्या भातावर व युरोपियन मित्रांच्या मासिक वर्गणीवर उपाशी लोकांस अन्न देण्याचें काम चालविलें, आणि त्यांत ख्रिस्ती व हिंदु असा भेद ठेविला नाहीं. समुद्रमार्गानें येणाऱ्या तांदुळाचें मद्रासपुढें काय झालें तें वर सांगितलेंच आहे. घरांत ठेवलेल्या भाताची किंमत त्यावरून समजते.

(६)

युद्ध इ. स. १७८४ च्या तहानें संपलें. तरी रयतेचे हाल संपले नाहींत. राजांच्या कारभाऱ्यांच्या जुलमामुळें लोक मुलूख सोडून जाऊं लागले. श्वार्ट्झच्या सांगण्याप्रमाणें ६५,००० माणसें देशांतर करून गेलीं होतीं. मद्रास सरकारनें चौकशीसाठीं नेमलेल्या मंडळींत त्यास घेण्यांत आलें. राजांनीं न्यायाचें अभिवचन देऊन लोकांस परत बोलाविलें, पण कोणी येईना; पुढें राजांच्या वतीनें श्वार्ट्झनें शब्द दिला, तेव्हां एका दिवसांत ७,००० माणसें परतलीं. लावणीचे दिवस बहुतेक निघून गेले होते. श्वार्ट्झनें त्यांस तें सांगितलें, तेव्हां त्यांनीं उत्तर दिलें कीं, ज्याअर्थीं आपण आमच्यासाठीं इतकें केलें, त्याअर्थीं आम्ही रात्रंदिवस राबूं. आणि त्यांनीं तसें केलें.

कावेरीच्या मुलखांत लावणी चुकली तर नुकसान एका वर्षानें संपत नाहीं. कालवे व बांध ह्यांची दुरुस्ती राहते, बियाणें खाण्यांत जातें, आणि पुढचें वर्षही हातचें जातें. म्हणून ह्या ७,००० माणसांचें वेळेवर परतणें हें आम्ही ८०,००० कलम धान्याइतकेंच महत्त्वाचें समजतों. पहिल्या प्रसंगीं सांठा किल्ल्यांत आला. दुसऱ्या प्रसंगीं पुढील सांठा निर्माण करणारे हात शेतांत आले.

(७)

तंजावरांत संकटाची तजवीज पाद्र्यांनींच आणली असा मात्र कोणीं समज करून घेऊं नये. मराठ्यांची स्वतःची फार मोठी व्यवस्था तेथें होती, ती म्हणजे छत्रें. अठराव्या शतकाच्या मध्यापासून राजांनीं व राजस्त्रियांनीं रामेश्वराच्या वाटेवर व इतरत्र हीं बांधिलीं. नीडामंगलम् येथील यमुनांबा छत्र व ओरत्तनाडु येथें इ. स. १८०२ मध्यें सरफोजीराजांनीं बांधिलेलें मुक्तांबा छत्र हीं त्यांपैकीं प्रसिद्ध होत. इ. स. १८०१ मध्यें सरफोजींनीं इंग्रज रेसिडेंटास लिहिलेल्या पत्रांत छत्रांचा जो वृत्तांत आहे तो आमच्या वाचकांनीं अवश्य पाहावा. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत सर्व वाटसरूंस अन्न, आजाऱ्यास वैद्य व औषध, बाळंतिणीची व्यवस्था, अनाथ मुलांचें शिक्षण, वाटेंत मेलेल्याचा अंत्यविधि, आणि अर्ध्या रात्रीं घंटा वाजवून कोणी उपाशी राहिला आहे काय ह्याची विचारणा. इतकी बारीक योजना त्यांत सांगितली आहे. मुलखाचा कारभार इंग्रजांकडे गेला तरी हीं छत्रें आपल्या हातीं राहावीं अशी त्या पत्रांतील राजांची मागणी होती.

छत्र व पाद्र्याचें कोठार ह्या दोहोंच्या मुळाशीं धर्मश्रद्धाच आहे, परंतु त्यांची घडण भिन्न आहे. छत्र हें नित्याच्या गरजेसाठीं होतें, व तें इनाम गांवांच्या उत्पन्नावर चालें. शांततेच्या काळीं त्याला तोड नव्हती. परंतु गांवेंच ओस पडलीं म्हणजे त्यांच्या उत्पन्नावर चालणाऱ्या अन्नछत्रानें तग कोठून धरावा? उलट पाद्र्याचें कोठार लहान, त्याला ना गांव ना इनाम. पण तें दूरदेशच्या वर्गणीवर व रोखीच्या खरेदीवर चालत असल्यामुळें मुलूख बुडाला असतांही तें उघडें राहूं शकलें. नित्याची सोय एकानें करावी व आकस्मिक संकटाची दुसऱ्यानें, अशी ही विभागणी कोणीं ठरवून केली नव्हती. ती परिस्थितीनें घडविली.

ह्या दोन्ही रीति सरफोजींच्या ठायीं एकत्र आलेल्या दिसतात. लहानपणीं ते श्वार्ट्झच्या देखरेखीखालीं होते, आणि इ. स. १७९३ नंतर मद्रासेंत त्यांच्या शिक्षणाकडे पाद्री गेरिके ह्यानें लक्ष दिलें. गादीवर आल्यावर त्यांनीं छत्रें चालविलीं, धन्वंतरी महाल उभारला, नेत्ररोग्यांच्या सचित्र नोंदी करविल्या, नवविद्याकलानिधि छापखान्यांत इ. स. १८०६ मध्यें इसापाच्या गोष्टींचें मराठी भाषांतर ‘बालबोधमुक्तावली’ छापविलें, आणि कन्नंदगुडी येथें गरीब ख्रिस्ती मुलांच्या अन्नवस्त्राची व शिक्षणाची सोय लाविली. ते स्वतः शेवटपर्यंत आपल्या कुलधर्मास धरून राहिले.

(८)

आतां पुराव्याची पारख केली पाहिजे. धान्य, बैल व परतलेली रयत ह्यांचा वृत्तांत मुख्यतः श्वार्ट्झच्या इ. स. १७९४ मधील एका पत्रांत आहे. इंग्लंडांत पार्लमेंटांतील एका भाषणांत मिशनच्या कार्यावर व ख्रिस्ती झालेल्या लोकांवर जे आक्षेप घेतले गेले त्यांस उत्तर म्हणून हें पत्र लिहिलें गेलें. म्हणजे तें दहा-बारा वर्षांनंतरचें आहे, व स्वपक्षाच्या समर्थनार्थ आहे. असें पत्र जसेंच्या तसें प्रमाण मानणें इतिहासकारास शोभणार नाहीं. तथापि त्याच्या मुख्य आशयास बाहेरून बळकटी मिळते. हैदरअल्ली, मद्रासचे इंग्रज व तंजावरचे राजे ह्या तिघांचे हितसंबंध परस्परविरोधी. तरी तिघांनींही आपापल्या कृतीनें ह्याच एका माणसाच्या शब्दावर भिस्त ठेविली. मद्रासच्या सेंट मेरी देवळांत ईस्ट इंडिया कंपनीनें, व तंजावरच्या किल्ल्यांतील ख्रिस्ती देवळांत सरफोजींनीं त्याचें संगमरवरी स्मारक उभारविलें. दुसऱ्या स्मारकावर, मरणशय्येवरील पाद्र्याचा हात हातीं घेऊन उभे असलेले सरफोजी फ्लॅक्समन ह्या इंग्रज शिल्पकारानें कोरले आहेत. श्वार्ट्झ ता. १३ फेब्रुवारी १७९८ रोजीं वारला.

ह्या पतीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रयतेनें ज्या विश्वासानें बैल दिले, त्या विश्वासाचा लाभ इंग्रजांच्या शिबंदीसही झाला. तुळजाजींनीं मरणापूर्वीं, इ. स. १७८७ मध्यें, दत्तक पुत्र सरफोजी ह्यांस श्वार्ट्झच्या हवालीं करूं पाहिलें. त्यानें एकट्यानें तो भार घेण्याचें नाकारून अमरसिंहाचें नांव सुचविलें. पंडितांच्या निर्णयावरून दत्तविधान अशास्त्र ठरून अमरसिंह गादीवर आले. पुढें अमरसिंहांकडून सरफोजींचा छळ होत आहे असें दिसतांच श्वार्ट्झनें त्यांची बाजू घेतली, दत्तकाविषयीं पंडितांचीं मतें पुन्हां मागविण्यांत आलीं, आणि अखेर इ. स. १७९८ मध्यें सरफोजी गादीवर बसले. परंतु इ. स. १७९९ च्या ऑक्टोबरांत झालेल्या तहानें राज्याचा कारभार इंग्रजांकडे गेला, व राजांकडे किल्ला, मान व नेमणूक एवढेंच राहिलें. त्या वेळीं श्वार्ट्झ हयात नव्हता. तथापि ज्याच्या शब्दावर राज्य दोनदां तरलें, त्याच्याच शब्दानें वारसाच्या तंट्यांत कंपनीस मध्यस्थीची वाट मिळाली, हें नाकारतां येत नाहीं. राजाची स्वतःची पत शाबूत असती तर कोरा कागद परक्याच्या हातीं देण्याची वेळ आली नसती. तंजावरच्या स्वातंत्र्याचा ऱ्हास ह्या तहापासून मोजण्याची रीत आहे. आमच्या मतें तो दुभाषांनीं बैलांचें भाडें गिळलें त्या दिवसापासून मोजावा.

हें मत कागदांवरच घासून पाहिलें पाहिजे. इ. स. १७८० ते १७८५ ह्या वर्षांतील तंजावरचे मोडी जमाखर्च, छत्रांचे हिशेब, धान्याच्या पावत्या, बैलभाड्याच्या नोंदी, पळालेल्या कुळांच्या याद्या असे कागद ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं ते क्षुल्लक समजून बाजूस टाकूं नयेत. राजपत्रें व सनदा ह्यांस संग्राहकांत मान आहे, तो योग्यच आहे. परंतु एका गांवच्या पाटलास किती बैलांचें भाडें, कोणत्या तारखेस, कोणाच्या हातून पोहोंचलें, एवढें सांगणारी चिठी मिळाली, तर श्वार्ट्झच्या पत्राची खरी पारख होईल. आणि ज्यांचीं नांवें त्यानें दिलीं नाहींत त्यांपैकीं एखाद्याचें नांव तरी इतिहासांत येईल. अशी चिठी कोणास सांपडल्यास तिची नक्कल मूळ मोडीसह प्रसिद्ध करावी, अशी आमची सर्व संग्राहकांस विनंति आहे.